आमदाराचा फोन येईल तेव्हा

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

जिल्हा परिषदेवर निवडून आलीस, आनंद झाला. 'अधिकार गावाला मिळेपर्यंत मुंबईशी भांडणार' असं लिहिलंयस. भांड. पण आधी नेमकं कुणाशी भांडायचंय ते बघून घे.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हा एक गोष्ट मुद्दाम केली होती. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचं सदस्यत्वच दिलं नाही, म्हणजे खालून नवी माणसं उभी राहतील. राहिलीही. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. आबा सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य. पण दारातून अडवलेला आमदार पुढे खिडकीतून आत आला. जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षपदी पालकमंत्री बसले, आमदार निधी आला, आणि गावातली गटारंसुद्धा आमदाराच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गंमत अशी, की यातले कितीतरी जण एकेकाळी तुझ्यासारखंच बोलत होते. मीही बोलायचो.

पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. पंचायतींकडे सोपवता येणारे अकराव्या अनुसूचीतले २९ विषय भाषणात सगळेच म्हणून दाखवतात. तू कलम २४३-जी उघडून वाच. राज्याने अधिकार दिलेच पाहिजेत, असं तिथे नाही. देता येतील, असं आहे. सगळं घोडं तिथेच अडलंय. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम काढली आणि योजनेच्या पैशातला साधारण ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवायचं ठरवलं. कलम तेच, पण देणाऱ्याची तयारी होती.

आता माझं ऐक. मी जिल्हा परिषदेत बांधकाम सभापती होतो तेव्हाची गोष्ट. एका वाडीच्या सरपंचबाई सकाळीच ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला ग्रामसभेचा ठराव. शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यावर मोरी हवी होती. मी कामांच्या यादीत सभामंडप घातला होता, कारण सभामंडपाला कोनशिला लागते, मोरीला लागत नाही. "अण्णा, वाचून तरी बघा," म्हणाल्या. मी मान हलवली आणि कागद खिशात टाकला. दोन दिवसांनी तो धुवायच्या सदऱ्यात सापडला, लगदा झालेला. त्याच महिन्यात मी तालुक्याच्या मेळाव्यात विकेंद्रीकरणावर तासभर बोललो होतो, टाळ्याही मिळाल्या. मोरी झाली ती माझं सभापतिपद गेल्यावर.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. मला वाटलं होतं, लोक विचारतील, आमचे सदस्य कुठे गेले? आमच्याकडे तरी कुणी विचारलं नाही. का विचारतील? त्यांच्यासाठी कामांची यादी प्रशासक साहेबांनी केली काय आणि अण्णांनी केली काय, सारखंच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे लोक 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणतात, कारण तिथे निर्णय खरोखरच गाव बसून घेतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला अशी आपल्याकडे वाटणी ठरली, आणि २०२१-२६ या वर्षांसाठी त्यातला ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला. म्हणजे मोकळा पैसा किती उरतो ते तूच मांड. जीआर, म्हणजे शासन निर्णय, स्वतः वाचायची सवय लाव, आणि लेखाधिकाऱ्याशी कधी वाकडं घेऊ नकोस. सभेत ओरडणाऱ्या सदस्याला कुणी घाबरत नाही. लेखाशीर्षाचा, म्हणजे कोणत्या खात्यावर किती पैसा आहे त्याचा, आकडा तोंडपाठ असलेल्याला घाबरतात.

आणि सेसच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या, कामांची तुझ्या वाट्याची यादी तू स्वतः करू नकोस. तुझ्या मतदार गटातल्या प्रत्येक गावाकडून ग्रामसभेच्या ठरावाची वही मागव आणि त्यातलंच पहिलं काम घाल, मग ते गाव तुझ्या विरोधात गेलेलं का असेना. कार्यकर्ते रुसतील. 'मग आम्ही राबलो कशाला?' असं तोंडावर विचारतील, आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आठवडाभरात आमदारांचा फोन येईल, आवाज अगदी गोड असेल. आला की मला कळव.

तुझा,
अण्णा