२६व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं हृदय आणि फुप्फुसं पुढे नीट होतात का?

तुम्ही लिहिलंय की बाळ २६व्या आठवड्यात झालं, बरेच दिवस सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) होतं, बीपीडी (लवकर जन्मलेल्या बाळांना होणारा फुप्फुसांचा रेंगाळणारा आजार) आहे असं सांगितलं गेलं, पीडीए (हृदयाजवळची, जन्मानंतरही उघडी राहिलेली नळी) आपोआप बंद झाला आणि आता ऑक्सिजन सुटून बाळ घरी आलंय. आता सगळं झालं, की पुढेही जपावं लागेल, असा तुमचा प्रश्न आहे. मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे आणि ही बाळं पुढे फॉलो-अपला येतात तेव्हाही मीच त्यांना बघते.

सगळ्यात मोठी लढाई तुमचं बाळ जिंकलंय. पण वजन भरलं, बाळ गुटगुटीत दिसायला लागलं म्हणून छातीकडचं लक्ष काढून घेऊ नका. माझं सगळं सांगणं यासाठीच आहे.

२६व्या आठवड्यात फुप्फुसांतले वायुकोश बनलेलेच नसतात, श्वासनलिकांच्या टोकाला नुसत्या साध्या पिशव्या असतात. त्या मिटून चिकटू नयेत म्हणून लागणारं सरफॅक्टंटही अपुरं असतं. अशा बाळांना धाप का लागते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड या संशोधकांनी १९५९मध्ये दाखवलं. १९७२मध्ये लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला प्रसूतीआधी स्टेरॉइड द्यायचा उपाय मांडला. तुम्हाला कळा सुरू झाल्यावर घाईघाईत इंजेक्शनं दिली असतील, तर ती बहुधा हीच.

गर्भाच्या हिशेबाने ३६ आठवडे भरल्यावरही ऑक्सिजन लागत असेल तर सहसा बीपीडी म्हणतात. यात दिलासा असा की वायुकोश बनायचं काम जन्मानंतरही चालू राहतं, पहिली दोन-तीन वर्षं तर जोरात. म्हणून या काळात घरात कुणीही विडी-सिगारेट ओढू नये, बाहेर ओढून आलेल्यानेही लगेच बाळाला घेऊ नये. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला सरळ नाही म्हणा, वाईटपणा आला तरी चालेल. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्या, 'लवकर झालंय' म्हणून पुढे ढकलू नका. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस द्या, आणि आरएसव्ही या लहान बाळांच्या छातीला त्रास देणाऱ्या विषाणूपासून बचाव करणारं अँटिबॉडीचं इंजेक्शन तुमच्या बाळाला देता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता हृदय. 'नळी बंद झाली, मग पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) कशाला?' हे आईवडील नेहमी विचारतात. बीपीडीत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कमी आणि अरुंद राहू शकतात. मग तिथला दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावावा लागतो. हा ताण पीडीए बंद झाल्यावरही येऊ शकतो आणि सुरुवातीला वरून काही दिसत नाही. डॉक्टरांनी इकोची तारीख दिली असेल तर ती चुकवू नका.

घरी बघायचं ते दूध पिताना बघा, कारण या वयात तोच बाळाचा व्यायाम. दोन-चार घोट घेऊन बाळ थांबतंय का, कपाळावर घाम येतोय का, नाकपुड्या फुलतात का? झबलं वर करून बघा, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का. शांत झोपेत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, कारण या बाळांचा श्वास एकसारखा नसतो, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा फसवतो. साठच्या वर जात असेल, वजन वाढायचं थांबलं असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. ओठ-जीभ निळसर दिसली किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला तर फोनाफोनी करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मोठेपणी काय? बरीचशी मुलं शाळेत जातात, धावतात, खेळतात. काहींना लहानपणी छातीत घरघर होते, काहींचा दम लवकर लागतो. खेळू द्या, अडवू नका. इतक्या लवकर जन्मलेल्यांमध्ये पुढे रक्तदाब वाढायचं प्रमाण जास्त दिसतं, आणि तरुणपणी तपासलं तर काहींच्या हृदयाची रचना थोडी वेगळी आढळते. एरवी मुलांचं बीपी तीन वर्षांनंतर नियमित बघायला लागतात. तुमच्या बाळाचं त्याआधीपासूनच दर भेटीत बघायला सांगा.

आणि एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, फोटो काढून फोनमध्येही ठेवा. मोठ्यांचे डॉक्टर 'जन्म कितव्या आठवड्यात?' असं सहसा विचारत नाहीत, त्यामुळे ते तुम्हीच सांगायचं, आणि मूल मोठं झालं की त्याने स्वतः.