बारकोडच्या जागी स्पायडरमॅनचं डोकं का?

अमेरिकन कॉमिक्सच्या धंद्यावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार आज घेतोय.

प्रश्न: मार्व्हलच्या 80 च्या दशकातल्या एकाच अंकाच्या दोन प्रती मिळाल्या. एकीवर खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनात बारकोड आहे, दुसरीवर त्याच चौकोनात स्पायडरमॅनचं डोकं. डुप्लिकेट कुठली?

कुठलीच नाही हो, दोन्ही ओरिजिनल आहेत, आतली गोष्ट सेम निघेल. फरक आहे तो माल कुठल्या वाटेने गेला याचा. बारकोडवाली न्यूजस्टँडची, म्हणजे पेपरचा स्टॉल, औषधांचं दुकान असल्या ठिकाणची, जिथे तारेच्या गोल फिरत्या स्टँडवर कॉमिक्स लावलेली असायची. तिथला हिशोब असा, की विकलं गेलं त्याचेच पैसे द्यायचे, उरलेलं परत. पण 10-12 सेंटचा अंक परत पाठवायचं भाडं कुणाला परवडणार, म्हणून मग अख्खा अंक न पाठवता कव्हरचा वरचा, नावाचा पट्टा फाडून तेवढाच पाठवायचे. नंतर तेही बंद झालं आणि होलसेलरने नुसतं लिहून दिलं की इतक्या प्रती नष्ट केल्या, की तेवढे पैसे वळते व्हायला लागले. पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल, "नष्ट" झालेले गठ्ठे मागच्या दाराने विकले जायचे. 70 च्या दशकात तर छापलेल्यातल्या निम्म्याहून जास्त प्रती परतीच्या खात्यात जाणं नेहमीचंच झालं होतं, आणि हा सगळा भार प्रकाशकाच्या डोक्यावर.

यातून वाट काढली फिल स्यूलिंग नावाच्या ब्रुकलिनच्या एका शिक्षकाने. हा माणूस कॉमिक्सची अधिवेशनं भरवायचा, त्यामुळे गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला प्रकाशकांपेक्षा जास्त माहीत होतं. 1972-73 च्या सुमारास त्याने प्रकाशकांना सांगितलं, मला माल थेट द्या, डिस्काउंट जास्त द्या, मी एकही प्रत परत करणार नाही. हाच तो डायरेक्ट मार्केट, म्हणजे कॉमिक्सच्या खास दुकानांची वाट. आणि या वाटेच्या प्रतींवर स्पायडरमॅनचं डोकं आलं ते यासाठी, की जास्त डिस्काउंटमध्ये घेतलेली प्रत कुणी हळूच न्यूजस्टँडच्या परतीत सरकवून पूर्ण पैसे वसूल करू नयेत. बाकी, तुमची बारकोडवाली प्रत सांभाळून ठेवा. स्टँडवर पोरांच्या हातात मळून त्यातल्या धड अशा थोड्याच उरल्या.

प्रश्न: 1992 च्या सुपरमॅनच्या मृत्यूच्या अंकाची ती काळी सीलबंद पिशवी माझ्याकडे आहे. विकून काय येईल?

फार काही नाही. ती तुम्ही ठेवलीत तशी सगळ्यांनीच ठेवली, मीही ठेवलीय, आतली शोकाची काळी फीत अजून दंडाला बांधलेली नाही!

पण यातली खरी गंमत विक्रीच्या आकड्यात आहे. 1991 च्या 'एक्स-मेन' क्रमांक 1 च्या जवळपास 80 लाख प्रती गेल्या, वेगवेगळी पाच कव्हरं करून. हा आकडा ऐकून वाटतं एवढे वाचक! तर तसं नाही. 80 लाख प्रती कॉमिक्सच्या दुकानदारांनी घेतल्या. दुकानदार कॅटलॉग बघून दोन महिने आधी ऑर्डर देणार, अंक हातात पडायच्या आधीच अंदाज बांधणार आणि चुकला तर परत करायची सोय नाही, त्यामुळे प्रकाशकाच्या वहीत "विकलं" लिहिलेलं खोकं दुकानाच्या मागच्या खोलीत तसंच पडून. स्यूलिंगने वाचवला प्रकाशक, बुडाला दुकानदार, असं म्हणलं तर जरा अन्याय होईल (त्याच्याशिवाय ही दुकानं एवढी उभीच राहिली नसती), पण 1993 नंतर धडाधड शटर खाली आली त्यात याचा मोठा हात होता.

प्रश्न: इतकी वर्षं अख्ख्या अमेरिकेला एकटी डायमंड कंपनी माल पुरवत होती, सरकारने चालू कसं दिलं?

डायमंड एकटी उरली त्याला निमित्त मार्व्हलच झाली. 1994 च्या शेवटी तिने हीरोज वर्ल्ड नावाचा वितरक विकत घेतला आणि आमचा माल फक्त इथेच मिळेल म्हणून जाहीर केलं. घाबरून डीसी, इमेज, डार्क हॉर्स हे बाकीचे मोठे प्रकाशक डायमंडकडे गेले, डायमंडचा मोठा स्पर्धक वितरक कॅपिटल सिटी 1996 मध्ये डायमंडलाच विकला गेला, आणि हीरोज वर्ल्डला तर एवढा पसारा झेपलाच नाही, मार्व्हल दिवाळखोरीत गेली आणि 1997 मध्ये मुकाट डायमंडच्या दारात. न्याय खात्याने चौकशी केली, पण 2000 मध्ये कारवाई न करता फाइल बंद केली. मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये डायमंडने काही आठवडे नवा माल पाठवणंच थांबवलं, तेव्हा डीसी बाहेर पडली, 2021 मध्ये मार्व्हल पेंग्विन रँडम हाउस या पुस्तकांच्या कंपनीकडे गेली आणि जानेवारी 2025 मध्ये डायमंडनेच दिवाळखोरीचा अर्ज टाकला. कॉमिक्सच्या दुकानांना मोबाइलने मारलं असं काही जण म्हणतात ते मला पटत नाही. वाचक गेले ते जास्त करून पुस्तकांच्या दुकानात, मांगा (जपानी कॉमिक्स) आणि मुलांच्या जाड ग्राफिक कादंबऱ्या घ्यायला. आणि तिथे, बरं का, उरलेला माल परत चालतो.

प्रश्न: अंक नोव्हेंबरमध्ये आला आणि कव्हरवर तारीख जानेवारीची, असं का?

ती तारीख वाचकासाठी नव्हतीच. अंक स्टँडवरून कधी काढायचा हे स्टॉलवाल्याला कळावं म्हणून होती.