रबर कारखान्यातला धूर आणि अन्ननलिका

प्रश्न : माझे यजमान १८ वर्षं रबर कारखान्यात आहेत, आधी मिक्सिंगला, आता क्युरिंग प्रेसवर (रबर तापवून पक्कं करणाऱ्या यंत्रावर). तंबाखूही खातात. अन्ननलिकेच्या कर्करोगाची भीती वाटते. दरवर्षी दुर्बिणीची तपासणी करावी का? मास्क कोणता घ्यावा?

उत्तर : भीती आधी तंबाखूची बाळगा, तिच्याविरुद्धचा पुरावा पक्का आहे. रबर उद्योगाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था कर्करोगकारक मानते, पण ते मुख्यतः रक्त, फुप्फुस, मूत्राशय आणि जठराच्या कर्करोगांमुळे. अन्ननलिकेबाबतचा पुरावा ती 'मर्यादित' ठरवते. तरी तो झटकून टाकण्याजोगा नाही. जर्मनीतल्या पाच रबर कारखान्यांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नायट्रोसामाइनचा (रबर तापल्यावर बनणारी रसायनं, त्यातली बरीच कर्करोगकारक) संपर्क जास्त असलेल्या कामगारांत या कर्करोगाचे मृत्यू जास्त आढळले.

हे नायट्रोसामाइन कच्च्या रसायनांच्या पोत्यातून येत नाही. टीएमटीडीसारखा अ‍ॅक्सिलरेटर (रबर लवकर पक्कं करणारं रसायन) तापला की त्यातून अमाइन नावाचं संयुग सुटतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडशी जुळतं आणि प्रेस उघडताच धुरासोबत बाहेर पडतं. माल गार होताना, अगदी गोदामातही, ते येत राहतं. म्हणून युनियनने किंवा सुरक्षा समितीने पहिली मागणी करावी ती टीएमटीडीऐवजी टीबीझेडटीडी हा दुसरा अ‍ॅक्सिलरेटर वापरण्याची; त्यापासून बनणारं नायट्रोसामाइन कर्करोगकारक मानलं जात नाही. ते महाग असतं, शिवाय जास्त घालावं लागतं, त्यामुळे कुरकुर होणारच. दुसरी मागणी प्रेसला अगदी लागून शोषक हूडची. हूडच्या तोंडाच्या व्यासाइतकं अंतर पडलं की हवेची ओढ दहाव्या हिश्शावर येते. छतातला पंखा तर धूर माणसाच्या नाकावरूनच वर नेतो.

मास्क यानंतर. रुमाल आणि सर्जिकल मास्क निरुपयोगी. पावडर तोलताना एफएफपी२ (बारीक धूळ अडवणारा मास्क). प्रेसवर सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि धुळीचा फिल्टर असलेला अर्धा मास्क. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. वास येईपर्यंत कार्ट्रिज बदलायचं थांबू नये.

तंबाखू सुटेपर्यंत निदान एवढं पाहा : पावडरीचे हात न धुता तळहातावर चुना-तंबाखू मळली, की तीच पावडर थेट पोटात जाते.

त्रास काहीच नसेल तर दरवर्षी दुर्बीण नको. मात्र भाकरीचा घास छातीत अडकू लागला, पाण्याच्या घोटाने उतरवावा लागला, वजन घटलं किंवा आवाज बसला, तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढू नका. लगेच दुर्बीण करून घ्या. डॉक्टरांना विभाग, वर्षं आणि रसायनांची नावं लिहून द्या. नावं पोत्यांवर आणि सेफ्टी डेटा शीटच्या तिसऱ्या भागात असतात.