विंचचा फेअरलीड: घ्यायचा का बनवायचा?

भाऊ, विंच म्हणजे फसलेली गाडी दोरानं ओढून काढायची मशीन, अन् तिचा दोर बंपरवरच्या ज्या तोंडातून बाहेर येते ते फेअरलीड. आधी हे सांग तुझ्या विंचवर वायर रोप आहे का सिंथेटिक दोर, कारण सगळं त्याच्यावरच आहे. स्टीलची वायर असन तर चार रोलरवालाच लाव, अन् सिंथेटिक असन तर अॅल्युमिनियमचा हॉस, तो बिनरोलरचा गुळगुळीत तोंडाचा येते ना, तो. वायर काढून सिंथेटिक टाकली अन् रोलर तेच जुने ठेवले, ही चूक मी केली. उमरेडकडे पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी एक्सलपर्यंत बसली होती, वायरनं रोलरवर पाडलेल्या चऱ्यांनी नवीन दोर असा सोलला की त्याचे धागे कापसासारखे बाहेर आले. माणसं बाजूला उभी होती म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं विचारू नको.

हॉस बनवायचाच असन तर हिंगणा एमआयडीसीत लेथवाले आहेत, पण नुसती पट्टी कापून भोक पाडलेलं घेऊ नको, आतली कड चांगली मोठी गोलाई देऊन पॉलिश करून घे. मग कापसाचा बोळा त्या कडेवरून फिरव, एक तंतू जरी अडकला तरी परत घासायला लाव. साध्या ८,००० ते १२,००० पाउंड ओढायच्या ताकदीच्या विंचला फेअरलीडच्या बोल्टमधलं अंतर बहुतेक १० इंच म्हणजे २५४ मिमी येते, तरी आपल्या बंपरवर टेप लावून मोजच.

माझं विचारशीन तर रोलरवाला विकतच घे, त्याच्या पिना अन् बुश घरी नीट बसत नाहीत.