योगाच्या मासिकांत, व्हिडिओंत अपंग माणसं का दिसत नाहीत?

दिसतात, पण बहुतेकदा ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून. रोज सराव करणारा साधक किंवा शिक्षक म्हणून क्वचितच. कॅमेऱ्याला लवचिक शरीर आणि अवघड आसनच हवं असतं, हे मला फार खुपतं. अमेरिकेतले मॅथ्यू सॅनफर्ड घ्या. १९७८ च्या कार अपघातात, तेराव्या वर्षी, छातीखालचं अंग लुळं पडलं. पुढे ते व्हीलचेअरवर बसून योग शिकवू लागले, तोही आपल्या पुण्याच्या अय्यंगारांच्या पद्धतीचा. खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे यांना मानाचं स्थान देणारी हीच पद्धत. खुर्चीत बसून, तिची पाठ धरून सावकाश पीळ घेणं हेही पूर्ण आसनच. ‘सोपं केलेलं’ नव्हे. मुखपृष्ठावर असा फोटो हवा, आणि खाली फक्त आसनाचं नाव.