आईचा इरकलचा कोट

मँचेस्टरहून एक ताई लिहितात: "आई बेळगावची, शहापूरची. सत्तरीला आली. सध्या आमच्याकडे राहायला आलीय. आजीच्या इरकल लुगड्याचा पायघोळ कोट आणि खणाच्या तुकड्यांचं जाकीट, दोन्ही स्वतः शिवलेलं, घालून ती बाजारहाटाला येते. लोक वळून बघतात. बाबा गेल्यापासून हे सुरू झालंय, त्यामुळे मंडळातल्या बायका कुजबुजतात. तिला कसं समजावू? वर मलाही तसंच जाकीट शिवायचं म्हणते."

ताई, वळून बघणाऱ्यांचं सोडून द्या. आईंना ते बहुधा आवडत असणार. तुम्हाला खुपतेय ती आपल्याच बायकांची कुजबुज, आणि तिचं कारण त्या खणांमध्ये आहे.

आपल्याकडे बाईला खण मिळतो तो ओटीत. लग्न, डोहाळजेवण, माहेरपण, देवीचं दर्शन, प्रत्येक वेळी एक. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा अरुंद, एका चोळीपुरता; एवढ्या चोळ्या कोण शिवणार? ते ट्रंकेत साठत जातात. नवरा गेला की ओटी भरणं थांबतं, गडद रंग आणि मोठे काठ सुनेकडे जातात. कुणी तोंडानं सांगत नाही, तरी होतंच. अशा बाईनं आयुष्यभराचे खण जोडून अंगावर घातले, तर मंडळातल्या बायकांना ते बरोबर वाचता येतं. शेजारच्या इंग्रज बाईला तो नुसता रंगीत कपडा दिसतो. मला विचाराल तर आईंनी हे उशिरा केलं, एवढीच माझी तक्रार आहे.

तेव्हा समजवायला जाऊ नका. मंडळाच्या जेवणात कुणी तुमच्याकडे विषय काढलाच तर "तिनं हातानं शिवलंय, मला बटणही लावता येत नाही" म्हणून पुढच्या पदार्थाकडे वळा. आईंना मात्र एकदा विचारा की त्या बोलण्याचा त्रास होतो का. होत असेल तर मंडळाला चार दिवस दांडी मारता येते.

तुमची खरी गरज आहे ती कापड जपायला. इरकलचं अंग बहुतेक सुती आणि टोपपदर, म्हणजे त्याचा खास लाल पदर, रेशमी. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगळे असतात. विणकर ते मागावर फासे अडकवून जोडतात. तो जोड नेमका कुठे आलाय ते कोट उलटा करून पाहा. काखेत किंवा कोपरावर आला असेल तर तिथं आतून मऊ मलमलीचा पट्टा लावायला सांगा, नाहीतर हात वर केल्यावर ओढ तिथंच बसेल. सूत धुतल्यावर आटतं, रेशीम तसं आटत नाही, म्हणून शिवण्याआधी कापड भिजवून घेतलं होतं का ते विचारा. पदराचा लाल रंग अनेकदा सुटतो: पांढरा रुमाल ओला करून आतल्या कडेवर दाबा, लाल डाग आला तर घरी पाण्यात बुडवू नका. वॉशिंग मशीन तर नकोच. पूर्ण अस्तर लावलं की घाम कापडाला लागत नाही आणि धुणंही कमी होतं. थंडीसाठी आतून थर्मल, पावसात वरून साधा रेनकोट.

कोटावर इरकलवरचा पारंपरिक कशिदा (कसुती) असेल तर एक लक्षात ठेवा. चांगल्या कशिद्यात गाठ मारत नाहीत, टाके कापडाचे धागे मोजून घालतात. लोंबणारा दोरा दिसला म्हणून कापू नका, त्यातलं अख्खं गोपूर, म्हणजे देवळाच्या शिखराची नक्षी, उसवत जाईल. सुईनं आत ओवून टाका.

तिकडच्या कपाटांत लोकर आणि रेशीम खाणारी कसर होते. धुतलेलं आणि पूर्ण वाळलेलं कापड जुन्या मलमलीत गुंडाळा, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, मधूनमधून घडी बदला. प्लास्टिकची पिशवी नको. एकाच घडीवर राहिलेलं जुनं रेशीम त्या रेघेवरच फाटतं.

तुमच्या जाकिटाचं म्हणाल, तर आवडत नसेल तर सरळ नको म्हणा. आईचं मन राखायला शिवून घेऊन कपाटात टाकलंत, तर ते खण पुन्हा ट्रंकेतच गेले. आणि होकार देणार असाल तर खणांचंच होऊ द्या. घरात दुसरं एखादं इरकल असेल आणि त्याचा टोपपदर सबंध असेल, तर त्याला कात्री लावण्याआधी दोघी मिळून एकदा नेसून बघा.