पूर्व आणि पश्चिम जर्मनीचे एकमेकांकडे दूतावास होते का?

नव्हते. पण दूतावासाचं काम करणारी कार्यालयं होती. पश्चिम जर्मनीचं म्हणणं, पूर्व जर्मनी आमच्यासाठी परदेश नाहीच, मग तिथे राजदूत कसा पाठवायचा? पूर्वेला तर स्वतंत्र देश म्हणून रीतसर मान्यता हवी होती. १९७२ च्या मूलभूत करारात तोडगा निघाला तो ‘कायमस्वरूपी प्रतिनिधित्वा’चा. मे १९७४ मध्ये बॉन (पश्चिमेची राजधानी) आणि पूर्व बर्लिन (पूर्वेची राजधानी) इथे ही कार्यालयं सुरू झाली.

खरी गंमत कारभारात होती. बॉनमधले पूर्व जर्मन प्रतिनिधी परराष्ट्र खात्याकडे नाही, तर चॅन्सेलरच्या, म्हणजे सरकारप्रमुखाच्या, कार्यालयाकडे जायचे. पूर्व बर्लिनमधल्या पश्चिम जर्मन प्रतिनिधींची गाठ मात्र परराष्ट्र खात्याशीच. थोडक्यात, दोघांनीही आपलाच हेका चालवला! पश्चिमेचे पहिले प्रतिनिधी ग्युंटर गाउस हे मूळचे पत्रकार.

ऑगस्ट १९८९ मध्ये पश्चिमेला जाऊ पाहणारे शंभरावर पूर्व जर्मन नागरिक पूर्व बर्लिनच्या हानोव्हरशे श्ट्रासे या रस्त्यावरच्या पश्चिम जर्मन कार्यालयात येऊन बसले. शेवटी ते लोकांसाठी बंद ठेवावं लागलं. ऑक्टोबर १९९० मध्ये एकीकरण झालं आणि दोन्ही कार्यालयं गुंडाळली गेली.